गंजीला चूल नसते

मंदाताई,

ती वाडी तुमच्या नजरेतून सुटली नव्हती. ती मी पुसली. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण माझी सवय मला माहीत आहे. प्रस्तावना करता करता माझा मुद्दा राहून जातो आणि तुम्ही म्हणायचात, "सर, इमान उतरवा आता, लई घिरट्या झाल्या."

तुमच्या दहाव्याला नदीवर माइक लावला होता. तुमच्या कासार आंबोलीत माणूस गेलं की दहाव्याला भाषणं होतात, हे मला तुमच्यामुळेच माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्या भाषणांच्या नकला करायचात. सरपंच बोलले, पतसंस्थेतलं कोणी बोललं, मग आपले जुने मॅनेजर उठले. म्हणाले, विमानातून काढलेल्या फोटोंवरून इमारती जशाच्या तशा उभ्या करण्यात मंदाताईंचा हात धरणारं आमच्या कंपनीत कोणी नव्हतं. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी आवाज मऊ केला. "एक वाडी त्यांच्याकडून नजरचुकीने राहून गेली. ते शल्य त्यांना शेवटपर्यंत होतं. पण आपण माणसं आहोत, चुका होतात. आज त्या चुकीसकट आपण त्यांना निरोप देऊ." बायकांमधून कोणीतरी 'च्च' केलं. तुमच्या भावाने मान खाली घातली. सूत्रसंचालकाने माइक माझ्यापुढे धरला, "साहेब, दोन शब्द?" मी मान हलवली. नाही म्हणून.

त्या नकारामुळे मला झोप लागली नाही, असं लिहिणं सोपं आहे. लागली. सकाळी उठलो तेव्हा मात्र संताप आला होता. मॅनेजरांचा नव्हता. त्यांना खरंच वाटतं की चूक तुमची होती, आणि ते उदारपणे तुम्हाला माफ करत होते. तुम्हाला माफी द्यायचा अधिकार त्यांना माझ्या गप्प बसण्याने दिला होता.

म्हणून हे लिहितो आहे आणि नावासकट छापायला देणार आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता ते सगळं उकरून काय मिळणार. मी त्याला सांगितलं, मला काही मिळवायचं नाही, मला देऊन टाकायचं आहे.

तुम्ही कंपनीत आलात तेव्हा शिकवायला मी होतो. एकाच जागेचे दोन फोटो, विमान पुढे सरकत असताना थोड्या सेकंदांच्या फरकाने काढलेले. खास चष्मा लावला की एक फोटो डाव्या डोळ्याला दिसतो, एक उजव्या, आणि सपाट पडद्यातून छपरं वर उठून येतात. मग एक उजेडाचा ठिपका छपराच्या कडेवर टेकवायचा, कोपऱ्या-कोपऱ्याने फिरवायचा, आढं काढायचं. खालच्या भिंती संगणक स्वतः सोडतो. तुम्ही चष्मा लावलात आणि टेबलाची कड धरलीत. मला वाटलं, गरगरलं असेल, पुष्कळांना गरगरतं. तेवढ्यात म्हणालात, "सर, हे आमचं वरचं वावर. पडीक हाय म्हनत व्हता आमचा दादा. हे बगा की, पेरलंय." त्या संध्याकाळी तुमच्या घरी काय झालं ते दुसऱ्या दिवशी आख्ख्या ऑफिसला कळलं. तुमच्या भावाने तेव्हापासून मला कधी सरळ नमस्कार केला नाही. दहाव्याला केला.

तुम्ही चुकत नव्हता असं मी म्हणणार नाही. तुम्हीच ते खपवून घेतलं नसतं. चांदे गावाजवळच्या एका लांब पोल्ट्रीची तुम्ही शाळा केलीत, पुढे झेंड्याचा खांबही उभा केलात. मी ते मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांना बोलावलं. "प्रार्थनेला कोंबड्या रांगेत उभ्या राहतात का, मंदाताई?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यापेक्षा शिस्तीत राहत्यात."

आणि खिडक्यांवरून आपण भांडलो ते आजही मिटलेलं नाही. वरून काढलेल्या फोटोत छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. गिऱ्हाइकाला तर मॉडेल खरं वाटायला हवं होतं. मग आपल्याकडे तयार भिंतींच्या चित्रांचा साठा आला, परदेशातून विकत घेतलेला, विटांचा, पांढऱ्या चौकटींचा, कुठे कुठे धुराडं असलेला. आपण ती चित्रं मुळशीतल्या घरांवर चिकटवत सुटलो. पौड रस्त्यावरच्या एका ग्रामपंचायतीला धुराडं आलं. तुम्ही खुर्ची फिरवून विचारलंत, "ग्रामसेवक वर भाकऱ्या भाजतो काय?" तुमचं म्हणणं, जी भिंत पाहिली नाही ती करडी ठेवा. माझं म्हणणं, करडी कोरी भिंतही खोटीच. बिनखिडकीचं घर कोणी पाहिलंय? मी अजून तेच म्हणतो. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही. त्यात तुमचा अपमान होईल.

आता वाडीचं.

डोंगराच्या अंगाला, रस्ता संपतो त्याच्या वर, ती छोटी वस्ती. मजुरीला खाली येणारी, जंगलातून मध-करवंदं आणून विकणारी माणसं. फोटो काढले ते हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर. त्या वाडीत पेंढा छपरावरच रचतात, पावसाआधी तोच पसरून घर शाकारतात. त्यामुळे वरून पाहिलं की घराला कडच दिसत नाही. नुसता भुरकट, गोल उंचवटा. संगणकाने त्याला पेंढ्याची गंजी ठरवलं आणि वनस्पतीच्या रकान्यात टाकलं. तुम्ही एकेक उचलून पुन्हा घरांत आणायला लागलात.

तिथेच दुसरी भानगड होती. त्या उंचवट्यांवर मॉडेलमध्ये सुळके उभे राहत होते, आकाशात गेलेले, वेडेवाकडे. गिऱ्हाइकाच्या माणसाने ते पाहून नाक मुरडलं होतं. मी तुमच्या मागे येऊन म्हणालो, "हा कचरा काढा आणि खाली माळरान करून टाका. गंज्या आहेत त्या."

"गंजी न्हाई, सर. धूर हाय तो."

"कसला धूर?"

"पयल्या फोटूत हितं हाय, दुसऱ्यात वाऱ्यानं जरा सरकलाय. म्हनून मशीन त्याला उंच करतंय. आन धूर हाय म्हंजी खाली चूल हाय. गंजीला चूल नसती. असली तर दुसऱ्या फोटूपातूर गंजी ऱ्हाईल का?"

मी तुमचा चष्मा घेतला आणि पाहिलं. मला धूर दिसला. एका उंचवट्याशेजारी दोरीवर वाळत घातलेलं लाल लुगडं दिसलं. दिसलं, मंदाताई. चष्मा परत दिला आणि म्हणालो, बघू.

तुम्ही हात लावणार नाही म्हणालात. त्या आठवड्यात तुम्ही भाचीच्या लग्नाला रजेवर गेलात. काम पोचवायचं होतं. ती घरं हाताने नीट काढायला दिवस गेले असते, आणि काढूनही ती बेढबच दिसली असती. आमच्या सुंदर मॉडेलमध्ये तेवढाच एक ओबडधोबड तुकडा. तुमचं मशीन चालूच होतं. एवढा मोठा भाग पुन्हा उघडायला फार वेळ लागतो म्हणून आपल्याकडे कोणीच बंद करत नसे, कोणीही कोणाच्याही खुर्चीत बसे. मी तुमच्या खुर्चीत बसलो, वाडीभोवती एक रेघ फिरवली आणि आतलं सगळं सपाट केलं. वर हिरवा रंग. चहा यायच्या आत काम झालं.

तुम्ही परत आलात, पडदा पाहिलात, माझ्याकडे पाहिलंत आणि पुढच्या गावाचं काम उघडलंत.

नंतर बाहेरच्या एका कंपनीला त्या उतारावर बंगले बांधायचे होते. त्यांनी आपलं मॉडेल पुढे केलं. म्हणाले, जागा मोकळी होती, वाडी नंतर येऊन बसली. वाडीच्या लोकांनी आरडाओरडा केला, मग आपल्या कंपनीला विचारणा झाली. आपल्या कंपनीने पाहिलं की त्या तुकड्यावर लॉगिन कोणाचं, आणि लेखी उत्तर दिलं: ऑपरेटरची नजरचूक. मी त्या बैठकीत होतो. टेबलावर बिस्किटं होती आणि मी एक उचललं, एवढं मला आठवतं. तुम्ही महिन्याभरात राजीनामा दिलात.

मी निवृत्त होऊन भुकूमला राहायला आलो त्यानंतर एकदा तुम्ही दारात उभ्या. पिशवीत आंबेमोहोर तांदूळ. पाणी प्यायलात आणि विचारलंत, "सर, लॉगिन माजं व्हतं. हात कुनाचा व्हता?"

मी म्हणालो, "आता त्याला काय अर्थ आहे, मंदाताई."

मला वाटलं, तुम्ही उठून जाल. तुम्ही पिशवीतून पेन ड्राइव्ह काढलात. वाडीच्या लोकांनी अर्ज करून ते मूळ हिवाळी फोटो मिळवले होते. ती वाडी त्या फोटोंवरून पुन्हा, नीट, घर न् घर उभी करायची होती, त्या जागेच्या सुनावणीत दाखवायला. तुमचे डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. दुसरा माणूस हवा होता.

मी काहीतरी पुटपुटायला लागलो. झालं ते वाईट झालं, अशा छापाचं. तुम्ही मला थांबवलंत.

"माफी नगं. कोपरे काढा."

मग किती पावसाळे-हिवाळे मी बसने तुमच्या घरी येत राहिलो. पडवीत संगणक, शेजारी तांदळाची पोती, तुमची भावजय येता-जाता आमच्या चष्म्यांकडे बघून हसायची. वाडीतल्या सोनाबाई दुपारच्या येऊन बसायच्या. पेंढा कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं, ते त्या सांगायच्या. कधी चुकायच्याही. एकदा स्वतःचं घर म्हणून जावेचं दाखवलं आणि लक्षात आल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तिचं मोटं हाय." लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा ड्रोन भाड्याने आणून आजच्या वाडीचे तिरपे फोटो काढले. नवरदेवाऐवजी शेळ्या पाहून तो माणूस गोंधळला होता. जुनी वाडी आणि आजची वाडी आपण एकावर एक बसवली. चुली त्याच जागी होत्या.

या कामासाठी मी तुमचा ऋणी आहे, आणि हे ऋणही मला टोचतं. तुम्ही मला शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही मला काम दिलंत, वर चहा दिलात, आणि त्या प्रश्नाकडे पुन्हा कधी वळला नाहीत. मीही वळलो नाही. सुनावणीत बंगलेवाले विचारणार होतेच: ज्या बाईच्या नजरेतून एकदा आख्खी वाडी सुटली, तिने केलेल्या दुसऱ्या मॉडेलवर विश्वास का ठेवायचा? मी एकदा हे चाचपडत बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "इचारतील तवा बगू." सुनावणीची तारीख लागली आणि तुम्ही दवाखान्यातून घरी आलाच नाहीत.

दहाव्यानंतरच्या आठवड्यात सुनावणी झाली, पौडला. मी गेलो. सोनाबाई आणि वाडीतली चार-पाच माणसं मागे बसली होती. पंखा होता पण चालत नव्हता. अपेक्षेप्रमाणे समोरच्या वकिलाने तोच प्रश्न काढला. तरुण माणूस, बोलायला गोड. अधिकाऱ्यांनी कारकुनाला सांगायला सुरुवात केली, "लिहा. आधीच्या मॉडेलमध्ये सदर वस्ती ऑपरेटरच्या नजरचुकीने..."

मी उभा राहिलो. "साहेब, नजरचूक हा शब्द काढा."

"आपण कोण?"

मी सांगितलं. मग म्हणालो, "नजरेला दिसत असताना पुसली आहे. मी पुसली. त्या बाईंनी नकार दिला होता. लिहा."

मागे कोणीतरी हललं. वकील हसून म्हणाला, "काका, वयोमानानुसार कधी कधी होतं असं. नंतर भावनेच्या भरात—"

"वयाने माणूस विसरतो, वकीलसाहेब. मला आठवतंय, तुमची अडचण ती आहे."

"आठवणीला पुरावा लागतो. लॉगिन तर त्यांचं आहे."

तिथे मी अडकलो. खरं सांगतो, मंदाताई, मी नुसता बोलायला गेलो होतो. शब्दाला किंमत मिळेल असं धरून गेलो होतो, आणि ती किंमत मी बिस्किटं खाताना घालवली होती. वकील खाली बसत होता. तेव्हा मला तुमची प्रदक्षिणा आठवली.

तुम्ही प्रत्येक छप्पर देवळाला फिरावं तसं काढायचात, उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या दिशेने. कोणी विचारलं तर म्हणायचात, "घर हाय ते. उलटं कसं फिरायचं?" मी डावरा. मी आयुष्यभर उलटाच फिरलो. आणि कोपरे ज्या क्रमाने टेकवले, तो क्रम फाइलमध्ये तसाच राहतो.

मी अधिकाऱ्यांना म्हणालो, आमचं जुनं मॉडेल तुमच्याकडे आहेच, आत्ता उघडा. त्यांच्या ऑफिसातल्या मुलीने उघडलं. मी सांगितलं, त्या भागातलं कुठलंही घर घ्या, कोपऱ्यांचे आकडे वाचा. तिने वाचले, सगळी घरं एका दिशेने फिरलेली. मग म्हणालो, आता वाडीवरच्या त्या हिरव्या तुकड्याची कड वाचा. तिने वाचली. थांबली. पुन्हा वाचली आणि साहेबांकडे स्क्रीन वळवली. "सर, हे एकच उलटं आहे."

मी म्हणालो, उलटा फिरणारा डावरा मी. अधिकाऱ्यांनी मला पेन दिलं आणि कागदावर एक घर काढायला सांगितलं. मी डाव्या हाताने, उलट्या दिशेने काढलं. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं गप्प का होतात?"

"आधी नोकरी होती. मग नाव होतं. मग मंदाताई होत्या. त्यांच्यासमोर बोलायची लाज होती."

"आणि आता?"

"आता त्या नाहीत. आणि लोक त्यांना माफ करायला लागलेत. ते मला चालणार नाही."

कारकुनाने हे लिहिलं की नाही मला माहीत नाही. 'नजरचूक' खोडलं, ते मी वाकून पाहिलं. नवं मॉडेल दाखल करून घेतलं, वाडीवर प्रत्यक्ष पाहणीचा आदेश झाला. निकाल अजून नाही. वकील जाताना मला म्हणाला, तुमची जुनी कंपनी तुमच्यावर दावा लावू शकते. मी त्याला माझा पत्ता दिला.

बसथांब्यावर येईपर्यंत मला एक गोष्ट कळली नव्हती. ती उलटी कड तुम्ही रजेवरून आल्या दिवशीच पाहिली होती. तुम्हाला पुरावा लागत नव्हता. तो तुमच्याकडे पहिल्यापासून होता. राजीनामा देताना एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. भुकूमला तांदूळ घेऊन आलात तेव्हा तुम्ही विचारत नव्हता. मला सांगायला जागा करून देत होता. मी ती जागा घेतली नाही, आणि तुम्ही ती तशीच उघडी ठेवून बसलात.

मला याचा राग येतो. स्पष्ट लिहितो. वाडीच्या घरांचा प्रश्न होता, तुमच्या नावाचा होता. माझ्या तोंडून यावं म्हणून थांबायची काय गरज होती? मी बोललोच नसतो तर? की तुम्ही सुनावणीत बोलणारच होतात, 'इचारतील तवा' म्हणालात ते त्यासाठी? तुम्ही मला राखत होता की माझी परीक्षा पाहत होता, हे मला आता कोणीच सांगणार नाही. सन्मान म्हणून घ्यावं तर मी त्याला लायक नव्हतो, आणि दया म्हणून घ्यावं तर ती मला नको आहे. तुम्ही असतात तर याच्यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. मला ते भांडण हवं होतं.

थांब्यावर सोनाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तुमी पुसलं व्हय आमाला?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंदीला ठावं व्हतं?"

"होतं. पहिल्यापासून."

त्यांनी तोंडातली मशेरी बाजूला थुंकली. "तरी तुमाला च्या पाजायची. लई अवघड बाई." मग माझ्याकडे वळल्या. "पाहनीला साहेब येत्याल. तुमी बी या. हितं साहेबाला सांगितलं, आमाला कुटं सांगितलंय? वाडीत या आन समद्यांम्होरं सांगा."

मी विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"त्ये आमी ठरवू," त्या म्हणाल्या. "तुमी या."

मी येतो म्हणालो.